दुकानदाराकडे पाठ करून घेतलेली गिटार

नाना, तुमची पणती, माझी नात, गिटार वाजवते. सतारीची धाकटी बहीण समजा, मांडीवर आडवी घेतात. पोरगी इतकं गोड वाजवते की ऐकता ऐकता परवा माझी भाकरी करपली. पण मध्यंतरी ती तोंड पाडून बसलेली. "आजी, ही गिटारच भंगार आहे. नवी नाही आली तर मी सोडून देते." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. बोलले आणि जीभ अडली, कारण ते बोलणं तुमचं.

चौथीतून माझी शाळा सुटली, तेव्हा मन रमावं म्हणून तुम्ही मला जुनी पेटी दिलीत. एक पट्टी दाबली की शेजारचीही ओरडायची. मी रडत सांगितलं, तर तुम्ही चहाची बशी खाली ठेवून म्हणालात, "पेटीला नावं ठेवू नकोस. तुझ्या हातात सूर नाही." मी भाता बंद केला तो केलाच. तुमची स्वतःची पेटी मात्र कुलपात, ती फक्त दादानं वाजवायची. सगळं हातातच असतं, तर कुलूप कशाला हो, नाना? तेव्हा विचारायची छाती नव्हती.

तर काल आम्ही दोघी जुनी गिटार घेऊन लहरीपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात जातो. पेटी घेताना तुम्ही दुकानदाराकडे पाठ करून बसायचात, पॉलिश डोळ्यांत भरतं आणि कान फसतो म्हणून. मीही स्टूल फिरवते. गुजराती दुकानदार म्हणतो, "बा, मोढुं तो आ बाजु राखो." मी म्हणते, "भाई, तोंडाचं काय काम? कान तुझ्याकडेच आहेत." तो जुनी गिटार सुरात लावायला घेतो आणि मला संशय, हा मुद्दाम बिघडवणार. मी ती पोरीकडूनच लावून घेते. मग पोरगी एकच गाणं जुन्या आणि नव्या, दोन्ही गिटारींवर वाजवते. जुनीची तार करकरते. नवीवर तोच सूर असा मोकळा येतो की अंगावर काटा. पण मध्ये एका वळणावर पोरगी अडखळते. मग ध्यानात येतं, जुनीवरही ती तिथंच अडखळली होती, तारेच्या करकरण्यात ते झाकलं गेलं. "सांभळ्युं ने, बा?" दुकानदार खूश. ऐकलं की.

गिटार घेतली. सकाळपासून पोरगी त्या एकाच वळणावर बसलीय, कुणी न सांगता. सोडायची भाषा नाही. हात लागतोच, नाना, तुम्ही खोटं नव्हता बोललात. पण आपला हात कुठं चुकतो हे कळायलाही बरं वाद्य लागतं, आणि ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मला पटत नाही.

हे पत्र कुठं धाडणार? राहू दे माझ्यापाशी. एक सांगते. दुकानात कोपऱ्यात पेटी होती. पोरगी म्हणाली, "आजी, वाजव ने." मी म्हटलं, खाली बसवत नाही गं, गुडघा दुखतो. काल गुडघा दुखत नव्हता.