चांदीतला ठसा

सोमवार
पोचलो एकदाचा! खोली हवेशीर, कारखाना समोरच. भाऊजींच्या शब्दावर काम मिळालं. निघताना ताईने सुनावलं, तीन कामं सोडून पळालास, आता पळालास तर माझं तोंड बघू नकोस. काम मात्र मजेचं. माणूस मावेल एवढी लोखंडी टाकी, दाराला डोकावायला गोल काच. आत काचेची पाटी ठेवायची, दार आवळायचं, पंपाने हवा ओढून घ्यायची. मग चांदी तापवतात, तिची वाफ पाटीवर बसते. थर इतका पातळ की, मिस्त्री म्हणाले, कांद्याचा पापुद्रा त्यापुढे रजई. पाटीला नुसतं बोट लागलं तरी तिथे चांदी धरत नाही. म्हणून हातमोजे.

बुधवार
पाटी बाहेर काढली तर चांदीत अंगठ्याचा ठसा, मधोमध आडवी चीर. मिस्त्री माझ्यावरच उखडले. मोजे काढून अंगठे दाखवले, कुठे आहे चीर? पाटी कोपऱ्यात ठेवून दिली त्यांनी. खोलीतला जोडीदार लांब्या मात्र फिदीफिदी हसत होता. माझ्या जागी त्याला मेहुणा चिकटवायचाय. त्याचेच उद्योग.

शुक्रवार
जेवताना लांब्याचे अंगठे न्याहाळले. साफ. मिस्त्रींचेही. आज पाटी मीच धुतली, मीच ठेवली, दारही मीच आवळलं. उघडलं तर अख्खा पंजा. बंद टाकीत हात घातला कोणी? माझ्याआधी या कामावर कोण होतं, विचारलं. मिस्त्री म्हणाले, मीच की. मग नजर का चुकवली?

सोमवार
टाकीच्या भिंतीवर साचलेले चांदीचे पापुद्रे खरवडत होतो. एक मोज्यातून आरपार गेला. अंगठा कापला. आडवा, मधोमध.
जुनी पाटी काढली. अंगठा शेजारी धरला.
रेघ न रेघ तीच. पण तेव्हा तर जखम नव्हती —

मंगळवार
आजची पाटी. दोन्ही पंजे. मधे कपाळ, नाक, वासलेलं तोंड. काचेवर दाबलेलं.
लांब्या म्हणतो, तुझ्यासारखंच थोबाड.
पिशवी भरली. तेवढ्यात ताईचा फोन. या वेळी टिकलास रे, म्हणाली, आणि रडायलाच लागली.
पिशवी रिकामी केली.

बुधवार
मिस्त्री म्हणतात, हात पोचत नाही तिथे आत शिरून खरवड. लांब्या पंपापाशी. का हसतोय?
जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायचं. दार उघडंच राहील म्हणाले.

वही खिशात होती म्हणून लिहितोय. आतून. दार लागलंय. ओरडलो — बाहेर कोणी दिसत नाही —
पंप सुरू झाला. कोणी —
मोजे बाहेर राहिले.
समोर गोल काच. तिला हात लावायचा नाही. काही झालं तरी हात लाव