पाण्याच्या गाडीला पाडलेली अकरा भोके

प्रति,
मा. संचालक,
लष्करी वाहन संग्रहालय.

विषय : पाणी वाहणाऱ्या जुन्या लष्करी ट्रकच्या टाकीला पाडलेल्या भोकांबाबत.
संदर्भ : काम सुरू करताना आपण कार्यशाळेत उभे राहून दिलेला शब्द (लेखी नाही).

महोदय,

१. मी आपल्या कार्यशाळेत एकोणीस वर्षे फिटर आहे. सदर ट्रक भंगारातून आला तेव्हा आपण म्हणाला होता, "घाई नको. होता तसा उभा करा." त्या शब्दावर मी व रंगारी अडीच वर्षे राबलो. मूळ रंग सापडेपर्यंत सात थर ब्लेडने खरवडले. नवा रेडिएटर मिळत असताना जुनाच झाळून घेतला.

२. ट्रकच्या दुरुस्तीची बातमी वाचून त्याचे युद्धकाळातले चालक आले. वय चौऱ्याऐंशी. टाकीवरून तळापासून झाकणापर्यंत हात फिरवला. मग म्हणाले, "अठरा खेपा केल्या, एक गोळी लागू दिली नाही. लागली असती तर पाणी वाटेतच गेलं असतं, अन् वर डोंगरावरच्या चौकीतली पोरं तहानेनं मेली असती." तसे त्यांनी लिहूनही दिले.

३. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी नऊ दिवस रजेवर होतो. परत आलो तो टाकीला अकरा भोके. आधी डोळ्याचाच दोष वाटला. बोट घातले तेव्हा खात्री पटली. कडा हातोडीने आत वळवलेल्या, भोवती काजळी, चाकांना रंगाचा चिखल. फलकावर 'शत्रूच्या गोळीबारात चाळण झालेला ट्रक'.

४. रंगाऱ्याला विचारले. इतकी वर्षे आम्ही एका डब्यात जेवलो. तो म्हणाला, "ड्रिल तुझंच घेतलं, रागावू नको. लोकांना खरं नको असतं, खऱ्यासारखं हवं असतं. आणि साहेबांची सही आहे." सही पाहिली. आपलीच आहे. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर दाद कोणाकडे मागावी हे न कळल्याने आपल्याकडेच मागत आहे.

५. उद्घाटनाला चालक नातीसह आले. तिने फलक मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर म्हणायचात, एकही गोळी लागली नाही!" त्यांनी भोकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मिस्त्री, मी विसरलो का हो?" त्या वेळी माइकवर आपले भाषण चालू होते. मला मोठ्याने बोलता आले नाही, याची लाज वाटते.

६. त्यानंतर दोनदा त्यांच्या घरी जाऊन खरे सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही माझं मन राखायला बोलताय. फलक सरकारी आहे, तो कशाला खोटं बोलेल? लागल्या असतील गोळ्या." नात सांगते, वर किती पोरे मेली असतील, हे ते आता तिला विचारत असतात.

७. सबब विनंती की, भोकांवर ठिगळे मारण्याची मला परवानगी मिळावी. ती दिसू द्यावीत. लिंपून वर रंग फिरवला तर ती दुसरी लबाडी होईल. फलकावर 'भोके संग्रहालयात पाडली' असे लिहावे. परंतु त्याआधी आपण स्वतः चालकांच्या घरी जावे आणि हेच सही-शिक्क्यानिशी त्यांच्या हाती द्यावे. माझ्या तोंडी शब्दावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांचे वय पाहता ही फाइल नेहमीच्या टेबलांवरून फिरवू नये.

अजूनही आपला नम्र,
(सही)
फिटर, जुनी वाहने विभाग
दिनांक : ७ मार्च

सोबत : चालकांच्या निवेदनाची प्रत, आपल्या आदेशाची प्रत.