प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू दचकली असशील. इतक्या वर्षांनी पत्र, तेही कागदावर. पण घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय, एक दाढ काढावी लागली, आणि ऑफिसात मला आता सगळे ‘मॅडम’ म्हणतात, एवढ्याच काय त्या वाईट बातम्या. फोन करणार होते. पण फोनवर तू ‘बोला वन्सं’ म्हणालीस की मी हसणार, मग हवापाण्याचं बोलणार आणि ठेवून देणार, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून लिहितेय. मला माझी काळजी वाटते आहे आणि तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती मागावी की नाही हे अजून ठरत नाहीये, म्हणून आधी काय झालं ते सगळं सांगते. शेवटपर्यंत वाच.

मी अजून त्याच संस्थेत आहे. लोक कसे राहतात, कोणाशी बोलतात, अडचणीत कोणाकडे जातात, हे घरोघरी विचारून त्याचे निष्कर्ष काढायचं आमचं काम. तुला आठवतं, नोकरीला नवीन लागले तेव्हा मी प्रश्नावलीचा सराव तुझ्यावर करायची? तू भाजी चिरत असायचीस आणि मी स्टुलावर बसून गंभीरपणे विचारायची, ‘कुटुंबप्रमुख कोण?’ तू म्हणायचीस, ‘आज की एरवी?’ आतून दादा ओरडायचा, ‘मी जिवंत आहे अजून!’ आणि तू मान वर न करता मला सांगायचीस, ‘हे धरू नका वन्सं, मध्येच बोललेलं आहे.’ तुझ्याइतकं अवघड उत्तर देणारं माणूस मला नंतर भेटलं नाही. आणि तुझ्यामुळेच मी शिकले की माणसाने दिलेलं पहिलं उत्तर तसंच्या तसं घ्यायचं, त्याच्या तोंडात आपले शब्द कोंबायचे नाहीत. इतक्या वर्षांत मी ते कधीच केलेलं नाही. हे तुला आत्ताच सांगण्याला कारण आहे.

सध्या आमचा अभ्यास एकटेपणावर चालू आहे. शहराचा एक भाग घेतला, तिथल्या घरांतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी काही घरं निवडली. निवडलेलं घर बदलायचं नाही असा कडक नियम असतो. बंद असेल तर पुन्हा जायचं, परत बंद असेल तर परत जायचं, पण शेजारच्याचं दार वाजवून काम उरकायचं नाही. आमची मुलं-मुली आधी जाऊन प्रश्न विचारून येतात. नंतर त्यांतल्या काही घरी मी जाते, फेरतपासणीला. खरंच कोणी आलं होतं का, नीट बोललं का, एवढंच पाहायचं. कारण झाडाखाली बसून मनानेच फॉर्म भरणारे महाभाग असतात.

पडदे शिवणाऱ्या एका बाईंच्या घरी मी अशीच गेले. म्हटलं, आमच्याकडून कोणी आलं होतं का? तर त्या मशीन थांबवून म्हणाल्या, ‘एकदा नाही, दोनदा. आधी ती चटपटीत मुलगी आली, मग दुसऱ्या त्या आल्या. आता तुम्ही. एवढ्या वेळात माझं एक पॅनेल शिवून झालं असतं.’ दुसऱ्या कोणालाच आम्ही पाठवलं नव्हतं. मी विचारलं, कशा होत्या त्या? ‘तुमच्याच वयाच्या. त्या तिथे बसल्या. कागद नाही, पेन नाही. पाणीसुद्धा नको म्हणाल्या.’ आणि चेहरा? बाई जरा अडखळल्या. ‘चेहरा... होता की. असतो तसा.’ मग त्यांनी सांगितलं की त्या बाईने आमचेच सगळे प्रश्न विचारले, त्याच क्रमाने, आणि शेवटी एक जादा विचारला. तुम्ही उद्यापासून दिसेनाशा झालात, तर पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? ‘मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या बंगलेवालीच्या. तिचे पडदे अर्धे राहिलेत, ती दार फोडून आत येईल!’ आणि त्या खदाखदा हसल्या.

मी ऑफिसात आमच्या सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘न जाता फॉर्म भरणारे मी पुष्कळ पाहिलेत. फॉर्म न भरता जाणारी कोणी असेल तर मला तिला नोकरीच द्यायची आहे.’ सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन रोजनिशीत लिहिलं, तेव्हा मात्र जाणवलं की त्या बाईचा तो प्रश्न आमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला होता. आम्ही विचारतो, अडीअडचणीला कोणाला हाक माराल? त्यात माणूस हाक मारू शकतो असं आम्ही गृहीतच धरलेलं असतं.

त्यानंतर ती बऱ्याच घरी येऊन गेल्याचं कळलं. कुठे कोणी बहिणीचं नाव सांगितलं होतं, कोणी पत्त्यांच्या भिडूचं. एका निवृत्त कंडक्टरांनी मला चहा दिला, बसमधले किस्से सांगितले आणि सहज म्हणाले, ‘मी म्हटलं बाई, लक्षात यायला कोणी पाहिजे ना! कोणाच्याच नाही, लिहून घ्या. तर त्या बरं म्हणाल्या आणि इतक्या गोड हसल्या, की मला वाटलं परीक्षेत पास झालो.’ निघताना लक्षात आलं की आधी आलेल्या आमच्या मुलीकडून त्यांचं शिक्षण विचारायचं राहिलंय, आणि माझ्याजवळ तेव्हा फॉर्म नव्हता. पुन्हा येते म्हटलं. ‘या की, मी कुठे जातोय,’ म्हणाले.

आठवड्याने गेले तर दाराला कुलूप. समोरच्या गृहस्थांना विचारलं, कंडक्टरकाका कुठे गेलेत? ते म्हणाले, ‘कोण काका? ते घर बंदच असतं.’ मी म्हटलं, अहो, मी इथेच बसून चहा प्यायले. त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. ‘तुमची बिल्डिंग चुकली असेल.’ खाली औषधाच्या दुकानात गेले, कारण काकांच्या गोळ्या तिथूनच येत असत असं तेच बोलले होते. दुकानदाराला काही आठवेना. तो खोटं बोलत नव्हता गं. खोटं बोलणारी माणसं मी ओळखते. हा अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहत होता आणि त्याला सापडत नव्हतं.

मी स्वतःवर पटकन विश्वास ठेवत नाही हे तू जाणतेस. मजला चुकला असेल, म्हातारा माणूस मुलाकडे गेला असेल, शेजारी विसराळू असतील, सगळं लिहून काढलं. एका माणसावरून काही ठरवायचं नसतं. म्हणून आणखी घरं पाहिली. शिकवण्या घेणाऱ्या एक बाई होत्या, रेडिओ दुरुस्त करणारा एक अबोल माणूस होता. दोघांनीही तिला ‘कोणाच्याच नाही’ असं सांगितल्याचं मला स्वतः सांगितलेलं. दोन्ही घरांना कुलूप, आणि दोन्हीकडे शेजारी म्हणतात, इथे कोणीच राहत नाही. ऑफिसात पाहिलं तर तिघांचेही फॉर्म कोरे, वर फक्त ‘घर बंद’. ज्यांनी कोणाचं तरी नाव घेतलं, ते सगळे जागच्या जागी. पडदेवाल्या बाईंचं मशीन तर रस्त्यावरून ऐकू येतं.

आमच्या आकडेवाल्याला मी हे आडून विचारलं. त्याला आम्ही आकडेशास्त्री म्हणतो, मुहूर्त काढल्यासारखा बोटं मोजतो म्हणून. त्याला म्हटलं, बंद घरांमुळे आपला निष्कर्ष बिघडेल का? तो म्हणाला, ‘घरं का बंद आहेत त्यावर आहे मॅडम. कोणी बाजारात गेलंय, कोणी गावाला, तर काही बिघडत नाही. पण आपण जे मोजतोय त्याच कारणाने घर बंद असेल, तर मेलो. मग जे उरलेत तेवढेच आपल्याला दिसणार, आणि उरलेले नेहमी ठीकच असतात.’ मग स्क्रीन माझ्याकडे वळवून खुशीत म्हणाला, ‘पण आपलं उत्तर मस्त आलंय. ज्याला कोणीच नाही असा एकही माणूस निघाला नाही.’ सरांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी पेस्ट्री मागवली. माझी मी तशीच शेजारच्या टेबलावर सरकवली.

गेल्या रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. बेल वाजली. ती होती. मी कसं ओळखलं विचारशील तर सांगता येणार नाही, आणि चेहऱ्याचं विचारू नकोस. इतरांना निरीक्षण शिकवणारी मी, पण मलाही तो ‘असतो तसा’ एवढाच आठवतो. मी तिला आत का घेतलं? कारण निवडलेल्या घराने दार उघडावं असं मी जन्मभर लोकांना विनवत आले. ती छान विचारत होती, वहिनी. घाई नाही, सुचवणं नाही. मी थांबले की तीही थांबायची. मला हेवा वाटला. आणि मग तिने तो प्रश्न विचारला.

मी प्रामाणिकपणे शोधलं. शेजारी लिफ्टपुरते. ऑफिसात रजा मांडतील, मग पगार थांबवतील, मग माझ्या खुर्चीवर कोणीतरी फाइल ठेवेल. ‘कोणाच्याच नाही’ हे खरं उत्तर होतं आणि ते ओठांवर आलंही होतं. खरं सांगायचं तर ते म्हणून टाकण्यात एक सुख होतं, उन्हातून आल्यावर चपला काढतो तसं. ती गोड हसायच्या बेतात होती. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘माझ्या वहिनीच्या.’

तिने विचारलं, ‘म्हणजे भावाची बायको?’ मी म्हटलं, हो. ‘भाऊ कुठे असतात?’ दादा जाऊन किती वर्षं झाली ते सांगितलं. ‘मग वहिनी एकट्या?’ नाही म्हटलं, तिने लग्न केलं, चांगला माणूस आहे, रजिस्टरवर साक्षीदार म्हणून मीच सही केली. तिने मान डोलावली. ‘मग आता त्या तुमच्या कोण?’ वहिनी, आमच्या फॉर्ममध्ये नात्यांची मोठी यादी आहे. सून, मेहुणा, सावत्र, दत्तक, सगळं आहे. तुझ्यामाझ्यासाठी त्यात जागा नाही. तुझ्या घरी आता दुसरी कोणी तुला वहिनी म्हणत असेल, आणि म्हणावंच. आपलं काही भांडण झालं नाही, काही बिनसलं नाही. फोन हळूहळू कमी झाले, तुझा संसार नव्याने मांडायचा होता, दादाच्या आठवणींचं ओझं घेऊन मी सारखं यावं कशाला, असं मला वाटलं. तुला काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. हे सगळं त्या बाईला काय सांगू? मी एवढंच म्हटलं, ‘वहिनीच.’

ती हसली नाही. उठताना म्हणाली, ‘बरं. त्यांनाही विचारून घेते.’

ती तुझ्याकडे येईल, म्हणून हे पत्र. काल लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, ‘नवीन राहायला आलात का?’ आणि आज ऑफिसात आकडेशास्त्र्याने माझ्याकडे पाहून आठवल्यासारखं केलं, आणि मग मॅडम म्हणाला. मध्ये एक क्षण गेला, तो मी पाहिला. ती आली की काय सांगायचं, हे तुला लिहून द्यावं म्हणून मी मघापासून पेन धरून बसले आहे. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तेव्हा उत्तर मी सांगणार नाही. तुला जे खरं वाटेल तेच सांग. मी तुझी आता कोणी लागत नाही, असं वाटत असेल तर तेही सांग, मी रागावणार नाही, मला तेवढा वेळही मिळायचा नाही. फक्त एक कर. तिने माझं नाव घेऊन विचारलं की फार वेळ गप्प राहू नकोस.

अजून तरी तुझीच,
वन्सं