रुमालाखाली न कळलेल्या बोटांबाबत

प्रति,
मा. सचिव,
जनावर बाजार समिती, करंजहट्टी,
ता. जत, जि. सांगली.

अर्जदार : रहिमान बाबालाल मुलाणी, मेंढ्यांचा दलाल, रा. करंजहट्टी.

विषय : फळ्यावरील 'लबाडी' हा शब्द खोडून 'आजार' लिहिणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाबाहेरील फळ्यावर अर्जदाराच्या नावाने खडूने लिहिलेली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार या बाजारात चोवीस वर्षे दलाली करतो. आपल्याकडे भाव तोंडाने होत नाही. विकणाऱ्याने रुमालाखाली दलालाची बोटे दाबायची. जितकी बोटे तितके हजार. मग दलालाने तसेच घेणाऱ्याला सांगायचे. भोवती शंभर माणसे उभी असली तरी भाव तिघांतच राहतो.

२. दिवाळीआधीच्या बाजारात मेंढपाळ अर्जुनाने आपल्या एडक्यासाठी अर्जदाराची आधी पाच बोटे दाबली, मग चार, म्हणजे नऊ हजार. अर्जदारास कोणीतरी हात धरला आहे एवढेच समजले. पुन्हा दाब म्हणायला हवे होते. पण मुरलेला दलाल पुन्हा विचारत नाही, आणि अर्जदार स्वतःला मुरलेला समजत होता. त्याने अंदाजाने घेणाऱ्याला, कराडच्या यासीनला, सात सांगितले. एडका टेम्पोत चढल्यावर अर्जुना नऊ म्हणू लागला, यासीन सात. सकाळपासून कशावरच न पटलेल्या दोघांचे दलाल चोर आहे यावर मात्र लगेच पटले. सौदा मोडला, एडका उतरला. कोणाचे काही गेले नाही, अर्जदाराचे नाव तेवढे गेले.

३. त्यानंतर अर्जदाराने सांगलीस डॉ. अक्षता यांना हात दाखविले. त्यांनी पायही मागितले. जुन्या साखरेने हातापायांच्या नसा खराब झाल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. पाटाचे पाणी शेवटच्या शेताला पोचत नाही, तसे आधी पायांची बोटे कोरडी पडतात, मग हातांची. गेले ते बहुधा परत येत नाही. साखर आवरली तर उरलेले राहते. ही साखर प्रत्येक सौद्याला दोन्हीकडून मिळालेल्या चहातून आली, म्हणजे ती दलालीतच धरावी.

४. हा आजार हिशेबाला उलटा आहे. पायातली चप्पल मशिदीच्या वाटेवर निसटते ती कळत नाही, आणि अंगावर नसलेल्या मुंग्या मात्र रात्रभर चावतात. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. डॉक्टरांच्या हुकमाने अर्जदार रोज तळपाय आरशात बघतो. तोंड इतके कधी बघितले नव्हते. पत्नी शाहजादी म्हणते, "तीस वर्सं माझा हात कळला न्हाई, तवा कुठं गेलता दवाखान्यात?"

५. समितीने खुलाशासाठी बोलावले त्या दिवशी आपण स्वतः रुमालाखाली अर्जदाराची बोटे दाबून परीक्षा घेतली. सगळे आकडे चुकले. एक बरोबर आला, तो आपल्या चेहऱ्यावरून. तेव्हा अर्जदार लबाड नाही हे सिद्ध झाले, आणि दलालीस नालायक आहे हेही. लबाड ठरला तर परवाना जातो, खरा ठरला तरी जातो. चोवीस वर्षांत इतका चोख सौदा अर्जदाराने कोणाचा केला नाही.

६. यावर तोंडी भाव बोलण्याची परवानगी मागावी असे मनात आले. फाटकावर समितीचीच पाटी आहे, 'रुमालाखाली सौदे करू नयेत'. तिच्याच सावलीत आपण सगळे रुमाल पसरतो. परंतु पाटीप्रमाणे वागणारा अर्जदार एकटाच निघाला तर बाकीचे दलाल त्याला बाजारात उभे राहू देणार नाहीत. म्हणून ती मागणी सोडली आहे.

७. परवाना खुशाल घ्यावा. अडचण शब्दाची आहे. मुलगा अफताब याचा स्वतःचा परवाना आहे, पण फळ्यावर बापाचे नाव लबाडीपुढे आल्यापासून त्याच्या रुमालाखाली कोणी हात घालत नाही. तो दिवसभर उभा राहतो आणि रिकामा घरी येतो. अर्जुनाला डॉक्टरांचा कागद वाचून दाखविला, तेव्हा तो म्हणाला, "रहिमानभाई, चोर एका बाजूचं खातो. तुमी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या." त्याने लेखी जबाब दिला आहे.

तरी फळ्यावरचा तो शब्द शुक्रवारच्या बाजाराआधी पुसून तिथे 'आजार' लिहावा, ही विनंती. अर्जदाराचे हात गेले. मुलाचे धड आहेत. ते कोणीतरी धरावेत, एवढेच मागणे आहे.

कळावे, आपल्या बाजाराचा जुना माणूस,
रहिमान बाबालाल मुलाणी
(सही पेनाकडे बघत केली आहे, वाकडी असली तरी खरी आहे.)

करंजहट्टी, दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला. २) अर्जुनाचा जबाब, अंगठ्यासह. ३) परवाना, मूळ प्रत.