तळीचा भंडारा

छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बन्सीदादांस सुलेखाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. यांचं ऑपरेशन झालं. मेंदूखालची गाठ नाकातून दुर्बीण घालून काढली. नजर परत आली, भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात. तोंडावर कुठं टाका नाही, त्यामुळं शेजारीण विचारते, नक्की ऑपरेशनच झालं ना? पण आतलं भोक मांडीची चरबी लावून बुजवलंय. दीड महिना वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, शिंकेला जपायचं. नाकातून पाणी आलं तर ते मेंदूचं, लगेच दवाखाना गाठायचा.

वहिनींना नमस्कार.
तुमची सुलेखा

देवगाव रंगारी
२२ नोव्हेंबर

चि. सौ. सुलेखास अनेक आशीर्वाद.

जीव भांड्यात पडला. सोमनाथराव नाकावर माशी बसू देत नव्हते, तिथं डॉक्टरनं दुर्बीण कशी घातली? मी खंडोबाला बोललो होतो, नजर आली तर चंपाषष्ठीला त्यांच्या हातून तळी उचलवीन. देवाचं राहायला नको. त्यांना वाकू देणार नाही, ही माझी जबाबदारी.

वाट बघतो.
बन्सी

देवगाव रंगारी
२८ डिसेंबर

चि. सुलेखा,

आशीर्वाद कोणत्या तोंडानं देऊ? तेराव्याला तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. वाकू दिलं नाही, तळीचं ताट छातीपाशीच धरायला लावलं. पण येळकोट म्हणत हळदीचा भंडारा त्यांच्या कपाळावर उधळला तो मीच. लागोपाठ शिंका आल्या, तर देव पावला म्हणून मी हसलो. संध्याकाळी नाक पुसताना दिसले, तेव्हा थंडी बाधली म्हणून काढा दिला. तू सगळं लिहिलं होतंस. तुझं कुंकू मी पुसलं. राग धर, पण चार ओळी लिही.

अभागी बन्सी

छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस नमस्कार.

तेराव्याला तुमच्याकडं बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. तुम्ही मूठ भरली तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं होतं. पण देवापुढं नको म्हणणं अशुभ, म्हणून गप्प बसले. त्याच संध्याकाळी हे मला म्हणाले, “पाणी येतंय गं. दादाच्या घरचा सण होऊ दे, मग जाऊ.” मी मान डोलावली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथं गाडी केली असती.

दोन दिवसांनी इथं आणलं तेव्हा ताप डोक्यात गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कधीपासून येतंय? लाज वाटली, दादा. आज सकाळपासून, असं मी सांगितलं.

हे अजून कुणाला ठाऊक नाही. आता लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

सुलेखा