सूरतरंग प्लस आणि राजाभाऊंचा फोन

१४ जुलै २०१७, शुक्रवार
निरोपसमारंभात म्हणालो होतो, निवृत्तीनंतर समाजाला काहीतरी देईन. आज दिलं. 'सूरतरंग प्लस' हे अ‍ॅप. जुनी नाट्यगीतं, अभंग, भावगीतं, सगळं जाहिरातींशिवाय. हे प्ले स्टोअरवर मिळत नाही. मी शोधून काढलं. फाइलच्या नावातच 'फुल अनलॉक्ड' लिहिलंय, म्हणजे शंकेला जागा नाही.

पूर्वी अशी एपीके फाइल पाठवायची तर नाव बदलून पीडीएफ म्हणून पाठवावी लागे. ही युक्ती आमच्यात फक्त मला यायची. आता व्हॉट्सअ‍ॅपवर थेट जाते. 'लक्ष्मीबाई नगर ते इंदिरापुरम' ग्रुपवर टाकली. बासष्ट मेंबर. सगळे पूर्वी दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमधले, आता टॉवरमधले. सोबत सूचना: फोन 'अननोन सोर्स' म्हणून घाबरवेल. घाबरू नये. 'येस' दाबावे.

उल्का म्हणाली, आधी स्वतःच्या फोनवर तर टाकून बघा. माझ्या फोनमध्ये जागा नाही. बायकोला हे कोण समजावणार?

१५ जुलै, शनिवार
तेवीस अंगठे. अण्णासाहेबांनी 'एक्सलंट' लिहिलं. अण्णासाहेब म्हणजे ग्रुपचे अ‍ॅडमिन, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि माजी अंडर सेक्रेटरी. ते सहसा कुणाला एक्सलंट म्हणत नाहीत.

राजाभाऊंना जमेना, म्हणून शेजारच्या वैशाली वसाहतीत त्यांच्या घरी जाऊन मीच टाकून दिलं. बावीस वर्षं आमच्या क्वार्टरची आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत एक होती. लतिकावहिनी गेल्या दिवाळीत गेल्या, तेव्हापासून एकटे असतात. म्हटलं, गाणी ऐकतील, मन रमेल. ते म्हणाले, शशी, मला फोनवर फारसं काही लागत नाही रे. मी म्हटलं, लागेल.

मंडळात 'ज्येष्ठांसाठी मोबाइल' वर्ग घ्यायचं ठरवलंय. आठ रविवार. शेवटी सर्टिफिकेट. सही माझी.

१७ जुलै, सोमवार
किरकोळ तक्रारी. अभंग लावला की आधी रमी खेळायला बोलावतात. अण्णासाहेबांकडे सुनेच्या माहेरची माणसं बसली होती. त्यांना नाट्यगीत ऐकवायला गेले, तर पडद्यावर 'आप के पास की अकेली महिलाएँ', फोटोसकट. बंद करायला गेले तर आवाज वाढला.

ग्रुपवर लिहिलं: नवीन अ‍ॅप आहे, रुळायला वेळ लागतो.

गुडगावहून केतकीचा फोन. मुलगी आयटीत आहे, त्यामुळे तिला वाटतं तिला समजतं. म्हणाली, "बाबा, हे काय पाठवलंत? सगळ्यांना आत्ताच्या आत्ता डिलीट करायला सांगा." या पिढीत बिल्कुल पेशन्स नाही. मेसेज नीट ड्राफ्ट करून उद्या टाकेन.

१८ जुलै, मंगळवार
ड्राफ्ट झाला नाही. 'दिलगीर आहे' म्हटलं तर सगळं माझ्यावर येतं. 'नोंद घ्यावी' म्हटलं तर थंड वाटतं. सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेला माणूस मी, आणि चार ओळी सुचेनात.

तेवढ्यात अ‍ॅपने सगळ्यांच्या फोनमधून सगळ्यांना आपोआप एसएमएस धाडले. अण्णासाहेबांकडून त्यांच्या जुन्या जॉइंट सेक्रेटरींना गेला: 'डिअर, आय अ‍ॅम व्हेरी अलोन, क्लिक हिअर.' साहेबांचं उत्तर आलं: 'गेट वेल सून.'

मी ग्रुपवर खुलासा केला की हा व्हायरस बाहेरून आलेला आहे. खोटं नाही. बाहेरूनच आला.

अंगठा एकही नाही.

२० जुलै, गुरुवार, दुपारी
राजाभाऊंचा फोन पूर्ण अडकला होता. हात लावायच्या आत जाहिराती. मी लगेच गेलो. मैत्री म्हणजे हेच. फॅक्टरी रीसेट हा एकच उपाय. राजाभाऊंनी विचारलं, यातलं काही जाणार नाही ना? मी म्हटलं, छे, सगळं गूगलवर जमा असतं. पंधरा मिनिटांत फोन नवाकोरा. त्यांनी बेसनाचा लाडू दिला. दुसरा मी मागून घेतला. आज स्वतःबद्दल बरं वाटतंय.

संध्याकाळी सहा
राजाभाऊंचा फोन. "शशी, लतिकाचे आवाज कुठे गेले?"

मला आधी कळेचना. मग कळलं. वहिनींचे व्हॉइस मेसेज. राजाभाऊ सफलच्या दुकानात भाजी आणायला गेले की मागून यायचे. अहो, कोथिंबीर राहिली. अहो, कानटोपी घातली का? असे चाळीस-पन्नास. राजाभाऊ रोज सकाळी चहाबरोबर एक ऐकतात. एकच. संपू नयेत म्हणून क्रमाने.

वहिनींचा फोन त्यांनी दिवाळीनंतर देऊन टाकला होता.

मी म्हणालो, सर्व्हरवर आहेत, दोन दिवसांत येतील. ते म्हणाले, बरं झालं बाबा. मी घाबरलोच होतो.

२१ जुलै, शुक्रवार
केतकीला सहज म्हणून विचारलं, एखाद्याने बॅकअप चालूच केलेला नसेल आणि फोन रीसेट झाला तर? ती म्हणाली, तर गेलं. मग म्हणाली, "बाबा, कुणाचा?" मी म्हटलं, असाच, थिऑरिटिकल.

सकाळी आठला राजाभाऊंचा फोन आला होता. मी म्हटलं, प्रोसेस सुरू आहे.

२२ जुलै, शनिवार
आठ वाजता फोन. मी म्हटलं, वीकेंडला सर्व्हर स्लो असतो.

२४ जुलै, सोमवार
नेहरू प्लेसच्या मोबाइल बाजारात गेलो. राजाभाऊंचा फोन 'अपडेटसाठी' म्हणून मागून घेतला होता. दुकानदाराने दोन मिनिटं बघितलं. म्हणाला, "अंकल, इस में कुछ नहीं बचा. रीसेट किसने मारा?" मी म्हटलं, एक पड़ोसी है. तो म्हणाला, उस पड़ोसी से फोन दूर रखा करो. मी म्हटलं, बिल्कुल. मेट्रोत बसायला जागा होती, तरी वैशालीपर्यंत उभाच राहिलो.

फोन परत देताना राजाभाऊंनी दारातच विचारलं, झालं का? मी म्हटलं, ऐंशी टक्के.

ऐंशी का म्हणालो? कुणी विचारलं होतं टक्के?

२७ जुलै, गुरुवार
आठचा फोन घेतला नाही. सव्वाआठलाही. मग उल्काने घेतला आणि मला दिला. मी नव्वद टक्के म्हणालो.

उल्का समोर बसून राहिली. म्हणाली, काय केलंत? सगळं सांगितलं. व्हायरस, सर्व्हर, पड़ोसी, सगळं. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. आतून स्वतःचा फोन आणला. तिच्या फोनमध्ये लतिकावहिनींचे अकरा व्हॉइस मेसेज आहेत. दोघी दुपारी बोलायच्या. मी त्याच घरात असायचो आणि मला पत्ता नाही.

मी म्हटलं, पाठव लगेच! मी त्यांना सांगतो की सर्व्हरवरून अकरा आले.

उल्का म्हणाली, "नाही. आधी जाऊन खरं सांगा. मग मी पाठवते."

२८ जुलै, शुक्रवार
पाच मुद्दे लिहून नेले होते. पार्श्वभूमी, हेतू, तांत्रिक अडचण, खेद, पुढील कार्यवाही. राजाभाऊ गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मुद्दे खिशातच राहिले. म्हणालो, "राजाभाऊ, ते परत येणार नाहीत. मी पुसले."

त्यांनी हातातला शर्ट झटकला, दोरीवर घातला, चिमटा लावला. मग म्हणाले, "माहीत आहे रे. मी रविवारीच खाली मोबाइलवाल्याला विचारलं."

मी म्हटलं, मग रोज आठला फोन का करत होता?

"त्या वेळेला काहीतरी ऐकायची सवय झालीये. तू काहीबाही सांगायचास. तेवढी दहा मिनिटं जायची."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लाडवाचा डबा पुढे केला. मी लाडू घेतला नाही.

ग्रुपवर मेसेज टाकला: फाइल मी पाठवली. स्वतः न वापरता पाठवली. चूक माझी. सर्वांनी डिलीट करावी. अण्णासाहेबांनी उत्तर दिलं: 'नोटेड.' आणि ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन माझं नाव काढलं. तासाभराने परत घेतलं. दोन्हींबद्दल काही लिहिलं नाही. वर्गाबद्दल मीही विचारलं नाही.

३० जुलै, रविवार
राजाभाऊ सकाळी आठला आमच्याकडे आले. उल्काने पहिला मेसेज लावला. वहिनी म्हणत होत्या, उल्का, आंबोळीचं पीठ फसफसून डब्याबाहेर आलंय, आणि हे म्हणतात, आपोआप आत जाईल. राजाभाऊ हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. मी आत जायला उठलो, तर म्हणाले, बस रे.

नंतर उल्काने फोनवर केतकीला विचारून विचारून अकराही मेसेज तीन ठिकाणी ठेवले. मी म्हटलं, मी करतो. दोघांनी एकदम नाही म्हटलं. फोनवरून केतकीनेही.

मला हॉलमधल्या प्लगमध्ये चार्जर धरून ठेवायला सांगितलं. प्लग सैल आहे. पाऊण तास धरला. एकदाही सुटला नाही.