ठिपके मी मोजले नाहीत

प्रिय आस्मुस,

सहा वर्षांनी आईचं पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला मी दाद देत नाही. लिहायला बसले ते एका कोड्यापायी.

दर शनिवारी मी गावच्या वाचनालयात मुलांना कागदकाम शिकवते. शिकवते कसली, टेबलावर कागद ओतते झालं. जुने नकाशे, भिंतीच्या कागदाचे तुकडे, बेकरीच्या पिशव्या. नमुना ठेवत नाही. शाळेत तीस वर्षं मी आधी नमुना दाखवला आणि मग प्रत्येकाची चूक, हे तुला वेगळं सांगायला नको. आता चार वर्षांचा विलाड्स नुसता कागद फाडत बसतो आणि त्याच्या चिंध्यांतून अकरा वर्षांची सोल्वाय घुबडाची पिसं करते. दोन तास बरे जातात. घरी येऊन कॉफी करायला घेतली की हात अजून दोन कप काढतो. तुझे बाबा गेल्यापासून दुसरा तसाच परत ठेवते. घर फार गप्प झालंय रे.

मागच्या शनिवारी आम्ही ईस्टरची चकवापत्रं कातरली, तीच ती नक्षीची, कवनाची निनावी पत्रं. विलाड्स कोपऱ्यात नाव घालायला निघाला, तशी सोल्वाय खेकसली, "नाव नाही घालायचं, वेड्या! नावात जितकी अक्षरं तितके ठिपके. ज्यांना पाठवलं त्यांना ओळखता नाही आलं तर त्यांनी आपल्याला चॉकलेटचं अंडं द्यायचं. ओळखलं तर आपण बुडालो, अंडं आपण द्यायचं." विलाड्सचं तोंड उतरलं. "माझी आई तर लग्गेच ओळखेल." "ओळखते रे, पण सांगत नाही. आयांना तेवढं कळतं!" मी खाली मान घालून कपटे गोळा करत राहिले.

मला तेवढं कळलं नव्हतं. दर वर्षी तू दाराआड लपायचास आणि मी पाकीट उघडताक्षणी म्हणायचे, आस्मुस! एकदा तर पत्ता तू शेजारच्या बेंटेकडून लिहून घेतलास, तरी मी सोडलं नाही. नऊ वर्षांचा होतास. माझ्या ताटलीशेजारी अंडं आणून ठेवलंस आणि मी ते मजेत खाल्लं. पुढेही माझी खोड गेली नाही. लग्न मोडलं हे सांगायला तू एवढ्या लांबून आलास आणि मी म्हटलं, "मला माहीतच होतं." तू कॉफी अर्धी टाकून उठलास. "तुला सगळं आधीच माहीत असतं, आई. मग मी यायचं तरी कशाला?" त्याला सहा वर्षं झाली.

तर कोडं असं. मंगळवारी टपालाने मला एक चकवापत्र आलं. निळा कागद, सुकवलेलं पांढरं हिमफूल, चार ओळींचं ओबडधोबड कवन. नक्षीच्या कडा कुरतडल्यासारख्या, उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की होतात तशा. विलाड्सच्याही तशाच होतात, म्हणून त्याच्यासाठी मी डाव्या हाताची कात्री आणली. आमच्या घरातही एक डावखुरा होता. त्याच्यासाठी कधी आणली नाही, उलट कडांवरून रागावले. त्याचं मला फार वाईट वाटतं.

पत्रातले ठिपके मी मोजले नाहीत. काल सोल्वाय घरी डोकावली आणि मोजायला लागली, तेव्हा कागद काढून घेतला. कुणी पाठवलं असेल, मला अजिबात सांगता येत नाही. मी हरले, आस्मुस. तो माणूस तुला कुठे भेटलाच तर एवढा निरोप दे, की अंडं आणून ठेवलंय, मोठं, आत बदामाचं सारण असलेलं. ते टपालाने पाठवत नाहीत, जिंकणाऱ्याने दारात येऊन न्यायचं असतं. ईस्टरच्या रविवारी दुसरा कप मी परत ठेवणार नाही. तो आला तर मला आधीपासून काही म्हणजे काही माहीत नसेल. त्याने सांगायचं, मी ऐकेन.

तुझीच,
हरलेली आई